दुसरी ट्यूब कोणासाठी

पैसेच द्यायचेत ना? मग द्या की सरळ. त्यासाठी पंढरपूरपर्यंत सायकल कशाला दामटायची?

एखाद्या दवाखान्यासाठी, वसतिगृहासाठी किंवा कुणाच्या शस्त्रक्रियेसाठी निधी जमवायचा म्हणून सायकलवर लांबचा पल्ला मारायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न आधी घरातच ऐकावा लागतो. विचारणारी बहुधा आई असते नाहीतर बायको, आणि तिचं म्हणणं हिशेबाला धरून असतं. दोन-तीन महिने पहाटेची झोप मोडायची, सायकलच्या दुरुस्तीवर खर्च करायचा, रविवारी घरात दिसायचं नाही आणि वर ओळखीच्यांपुढे पावतीपुस्तक धरायचं. एवढा पैसा आणि एवढा वेळ थेट त्या दवाखान्यालाच का देऊ नये? प्रश्न व्यवहाराचा वाटतो खरा, पण जरा उकरला की खाली धर्माचा प्रश्न निघतो. एकाच्या पायांना पडलेल्या कष्टांचा दुसऱ्याच्या भल्याशी संबंध काय? कष्ट आपोआप पुण्यात जमा होतात का, आणि होत असतील तर ते दुसऱ्याच्या खात्यावर कसे जातात?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न विचारायचा म्हणजे जरा धाडसच. तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरपूरला नेण्याची प्रथा त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केली, आणि ती पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. उंडवडीहून बारामती, तिथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, बावडा, आणि सराटीला नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा. देव हृदयात आहे असं ज्यांनी आयुष्यभर सांगितलं, त्यांच्याच पादुका घेऊन लाखो माणसं चालत देवाकडे जातात. इथल्या पोरांना चालण्याचं कारण विचारावं लागत नाही. हल्ली आषाढीच्या आगेमागे सायकलवारीही होते. नाशिकचे सायकलपटू बरीच वर्षं पंढरपूर गाठतात, पुण्याचे गट येतात, आणि बारामतीच्या सायकलवाल्यांना तर पंढरपूर म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरचा एका दिवसाचा पल्ला. पालखीला तेच अंतर काटायला आठ-नऊ दिवस लागतात.

वारीला कोणी पावती फाडत नाही. मदतनिधीची सायकलफेरी निघते तेव्हा मात्र प्रत्येक किलोमीटरमागे कोणीतरी काहीतरी देणार असतं. घोळ तिथून सुरू होतो.

क्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय हाच घोळ होता. माणसं सोप्या, मजेच्या मार्गापेक्षा कष्टाच्या, त्रासाच्या मार्गाने मदत करायची असेल तर जास्त द्यायला तयार होतात, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. त्रास सोसायचा आहे म्हटलं की त्या देण्याला काही अर्थ आहे असं देणाऱ्याला वाटू लागतं. या परिणामाला त्यांनी हौतात्म्याशी नातं सांगणारं नाव दिलं. त्यांचा आणखी एक निष्कर्ष बोलका आहे : मदत कुणाच्या दुःखासाठी असेल तर हा परिणाम ठळक दिसतो, सार्वजनिक बागेसारख्या आनंदाच्या कामासाठी असेल तर ओसरतो. दुःखाला दुःखाने उत्तर द्यावं असं माणसाला मनातून वाटतं. रुग्णालयासाठी कोणी पुरणपोळ्यांची पंगत ठेवली तर ती विचित्र दिसते. त्याच रुग्णालयासाठी कोणी उन्हातान्हात सायकल हाणली तर ते शोभून दिसतं.

मराठी माणसांतलं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण नाशिकचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत दोघांचा संघ करून उतरले. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीत. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत विश्रांतीला, असं रात्रंदिवस आळीपाळीने चालवत त्यांनी ती मुदतीत पुरी केली आणि ही शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय संघ ठरले. संघाच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ होतं. आदिवासींच्या दृष्टीचा, डोळ्यांच्या आरोग्याचा प्रश्न लोकांसमोर आणायचा होता. नाशिकच्या आदिवासी पाड्यावरल्या म्हातारीच्या मोतीबिंदूचा अमेरिकेतल्या रॉकी पर्वताशी काय संबंध? तर्काने काहीच नाही. पण त्या सायकलींमुळे ज्यांनी तो प्रश्न पहिल्यांदा ऐकला, त्यांच्यापुरता संबंध होता.

म्हणजे कष्ट दिसले की पाकीट उघडतं, हे कबूल. पण पाकीट उघडणं आणि पुण्य लागणं या दोन गोष्टी एकच आहेत का?

आपल्याकडचे ग्रंथ या बाबतीत चांगलेच कडक आहेत. गीतेचा सतरावा अध्याय शरीराला पिळून केलेल्या तपाला सरळ आसुरी म्हणतो. देहातल्या पंचमहाभूतांनाच नव्हे, तर आत राहणाऱ्या देवालाही असा माणूस छळतो, असा त्या श्लोकाचा आशय. हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं तप त्याच अध्यायात तामस ठरतं. दानाचीही तिथे प्रतवारी आहे. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायलाच हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. फळाकडे डोळा ठेवून किंवा मनात कष्टी होत दिलेलं ते राजस. ऑलिव्होला-शफीर यांच्या प्रयोगातली माणसं या मोजणीत फार वर जात नाहीत.

बारामती परिसरात जैन समाजाची जुनी वस्ती आहे. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हे अख्खं गाव सोलापूरच्या जैन घराण्यातल्या वालचंद हिराचंदांच्या उद्योगातून उभं राहिलं. जैन परंपरेइतका तपाचा बारीक विचार क्वचितच कुणी केला असेल. तपाचे बारा प्रकार, सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. कायक्लेश, म्हणजे देहाला ताण देणं, हे बाह्य तपात मोडतं. वैयावृत्य, म्हणजे आजारी, थकलेल्या, वृद्ध साधकाची सेवा, हे आभ्यंतर तपात. आपल्या सामान्य समजुतीला हे उलटं वाटेल. सेवा बाहेर दिसते, म्हणून ती बाह्य असायला हवी. देहाचा ताण आपला आपल्याला कळतो, म्हणून तो आतला. परंपरेने मात्र ताणाला बाहेर ठेवलं आणि सेवेला आत घेतलं. देणगीदार नेमका बाहेरच्या तपावर पैसे लावतो.

आणि खुद्द तुकोबा? १६३० च्या दुष्काळाने त्यांचं घर आणि दुकान दोन्ही बसलं. वडिलोपार्जित सावकारीची कर्जखतं घरात होती. सांप्रदायिक चरित्रं सांगतात की त्यांनी ती धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर निम्मी निम्मी वाटली, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ऋणकोंना यासाठी काही करावं लागलं नाही, तुकोबांनाही एक पाऊल जास्त चालावं लागलं नाही. नदीकाठी गेले, कागद पाण्यात सोडले, किती घरं मोकळी झाली असतील देव जाणे. त्यातला दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही : भावाच्या निम्म्याला त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं त्यांना मान्य नव्हतं.

तेव्हा घरातली ती बाई बरोबर आहे, असंच परंपरा म्हणते. देणं वेगळं, दमणं वेगळं. मग सायकलचं काय करायचं?

ते पाहायचं तर फेरीच्या दिवसाकडे पाहून उपयोग नाही, आधीच्या दोन-तीन महिन्यांकडे पाहायला हवं. सायकल दुकानात टाकण्यापासून सुरुवात होते. जुना कारागीर सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करतो, चाक फिरवतो आणि आधी नुसतं बघतो. रिम ब्रेकच्या रबराला कुठे घासते, कुठे दूर जाते, हे डोळ्यांनी टिपतो. मग चाकाचा आऊट काढायला घेतो. एकेक तार बोटाने छेडत जातो. सैल तार बद्द वाजते, जास्त ताणलेली टणटणते, आणि सगळ्या तारा साधारण एका सुरात आल्या की चाक सरळ फिरू लागतं. तार सैल राहिली तर खड्ड्यात चाक वाकडं होतं. जास्त आवळली तर साठ-सत्तर किलोमीटरवर एखादी ताडकन तुटते, आणि शेजारच्या तारांवर तिचा भार जातो.

बौद्ध साहित्यातला सोण इथे हमखास आठवतो. सुखवस्तू घरातला, भिक्षू होण्याआधी वीणा वाजवणारा हा तरुण दीक्षेनंतर इतक्या जिद्दीने चालत चालत ध्यान करू लागला की पाय फुटून वाटेवर रक्त सांडलं. काहीच हाती लागेना तेव्हा घरी परत जाऊन दानधर्म करत राहावं, असंही त्याच्या मनात आलं. बुद्धाने त्याला वीणेच्या तारांबद्दल विचारलं : फार ताणल्या तर वाजतात का, फार सैल सोडल्या तर वाजतात का? ही गोष्ट मध्यम मार्गासाठी सांगितली जाते आणि तिथेच सोडली जाते. सायकलवाल्याला त्यातला रक्ताळलेल्या पायांचा भाग जास्त जवळचा. पहिल्याच रविवारी ऐंशी किलोमीटर मारून गुडघा धरून बसलेले सोण दर गटात एक-दोन असतात.

शरीराची तयारी तशी कंटाळवाणी असते, आणि तिचं महत्त्वही त्या कंटाळ्यातच आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल, रविवारी एक लांब फेरी, अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवायचं, मध्ये एखादा आठवडा मुद्दाम हलका. बारामतीहून भिगवणला उजनीच्या पाण्यापर्यंत जाऊन यावं, मग मोरगाव, मग इंदापूर. सीटची उंची अशी हवी की टाच पायडलवर ठेवून पाय खाली गेला तर गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर तो आपोआप किंचित वाकतो. ही एक गोष्ट चुकली की शंभर किलोमीटरमध्ये गुडघा हजारो वेळा तीच चूक करतो.

या रस्त्याला घाट नाही, आणि नवख्या माणसाची फसगत तिथेच होते. घाटात चढताना माणूस उभा राहतो, उतारावर पाय मोकळे सोडतो. नीरा डाव्या कालव्याच्या या सपाट मुलखात उतारच नाही, म्हणून पायांना सुट्टी नाही. एकाच बैठकीत तासन् तास, तळहात बधिर होईपर्यंत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सीटवरून उठायचं आणि हँडलवरची पकड बदलायची, याचीसुद्धा सवय करावी लागते. आषाढात वारा पश्चिमेचा. बारामतीहून पंढरपूरकडे जाताना तो पाठीशी असतो आणि आपण फार तयारीचे आहोत असा भ्रम तयार करतो. सायकलवरच परतायचं असेल तर तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. पालखीही पंढरपूरहून परत येते, पण तेव्हा बरोबर मोजकीच माणसं असतात आणि कॅमेरे जवळपास नसतात.

पाण्याचंही तसंच. घाम गाळणाऱ्याने नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस गळपटतो, भोवळतो, क्वचित जिवावरही बेततं. साखर-मिठाचं पाणी, ओआरएसची पुडी, शेंगदाण्याची चिक्की, केळी, राजगिऱ्याचा लाडू; भूक लागायच्या आधी खायचं, थोडं थोडं. एकादशीला निघणारे उपासाचं आणि सायकलचं दोन्ही पुण्य एकाच दिवशी पदरात पाडायला बघतात. राजगिरा, शेंगदाणे, केळी उपासाला चालतात हे त्यांचं नशीब. निर्जळी करून सायकल चालवणाऱ्याला मात्र त्याच्या गटाने उंबऱ्यातच अडवावं, कारण गीतेने ज्याला तामस म्हटलं ते हेच, आणि त्याला उचलून आणायचं काम शेवटी दुसऱ्याला करावं लागतं.

मुद्दा या शेवटच्या वाक्यापाशी येतो. तयारी न करता निघालेला माणूस रस्त्यावर दाता राहत नाही, याचक होतो. त्याला पंप लागतो, पाणी लागतं, मागून येणारी गाडी लागते, डॉक्टर लागतो, कुणाचा तरी सबंध दिवस लागतो. ज्या दवाखान्यासाठी तो निघाला, त्याच दवाखान्यात खाट अडवून बसतो. कष्ट त्याने भरपूर सोसलेले असतात, हे खरं. त्यातून कोणाच्या हाती काही पडलेलं नसतं. उलट तयारी केलेल्या माणसाजवळ काहीतरी शिल्लक असतं : थोडा दम, अर्धी बाटली पाणी, एक जादा ट्यूब, चिडचिड न करण्याइतकं त्राण. दान शिलकेतूनच होतं. सायकलफेरीत दानाचा भाग कुठे असेल तर तो या शिलकेत आहे, आणि ती शिल्लक पहाटेच्या, कोणी न पाहिलेल्या किलोमीटरांतून साठते. त्या किलोमीटरांवर कोणीही पैसे लावलेले नसतात.

वारीला हे पूर्वीपासून माहीत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वारी म्हणजे देवाच्या भरवशावर निघालेला जमाव वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक दिंडीची भिशी असते, वारकरी जेवणाखाणाचे पैसे आधी भरतो. दिंडीचा टँकर, तंबू, आचारी, सामानाचा ट्रक, रथापुढचा किंवा रथामागचा ठरलेला क्रमांक, सगळं बांधलेलं. एवढी तयारी असल्यामुळेच गावांना त्यांना द्यायला आनंद वाटतो. काटेवाडीत परीट समाज पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो, तिथेच मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला घोड्यांचं. रस्त्याकडेला कोणी पिठलं-भाकरी वाढतो, कोणी चपला शिवून देतो, कोणी फुकट दाढी करतो, कोणी अनोळखी म्हाताऱ्याचे पाय चेपत बसतो. यात दाता कोण? चालणारा घेतो, थांबलेला देतो, आणि दोघांनाही आपणच घेतलं असं वाटतं. मदतनिधीच्या फेरीत हे उलटं होतं, चालणारा देणारा असतो. पण या पट्ट्यातल्या गावांना ते काही पटत नाही. सायकलवर कोणी चाललाय म्हटलं की निमगाव केतकीचा पानमळेवाला त्याला चहाला थांबवणारच. कुणासाठी पैसे गोळा करतोस हे तो नंतर विचारतो.

आता थोडं फ्लेक्सबद्दल. आपल्याकडे गुप्तदानाची रीत होती. लाडवात नाहीतर कोहळ्यात नाणं घालून द्यायचं, देणाऱ्याने सांगायचं नाही, घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळायचं. निधीच्या फेरीला गुप्तता परवडत नाही. टी-शर्ट लागतो, चौकात फलक लागतो, झेंडा दाखवायला पुढारी लागतो, आणि बारामतीत तर फलकावर कोणाचा फोटो केवढा याचं शास्त्र आहे. हसून सोडून द्यावं असं हे आहे, पण पूर्ण नाही. ज्याच्यासाठी निधी, त्या मुलाचा फोटो, नाव, आजार फलकावर टाकताना त्याला विचारलं होतं का? सायकल चालवणारा आपली प्रसिद्धी स्वतःच्या मर्जीने घेतो. आजारी मुलाला ती मर्जी नसते. तयारीच्या यादीत ब्रेकच्या रबरांच्या वर हा प्रश्न हवा.

दानाने माणूस मोडतो आणि कामाने उभा राहतो, असं बाबा आमटे आयुष्यभर सांगत आले. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांनी स्वतः भाजी पिकवली तेव्हा सुरुवातीला ती घ्यायला गिऱ्हाईक येईना. तरीही बाबांनी भिकेपेक्षा ती न खपणारी भाजी पसंत केली. आणि याच माणसाने देशातल्या सगळ्यांत गाजलेल्या सायकलयात्रांपैकी एक काढली. २४ डिसेंबर १९८५ ला कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ निघालं, शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, काश्मीरच्या दिशेने, पाच हजारांवर किलोमीटर. बाबा तेव्हा नुकतेच एकाहत्तर वर्षांचे होत होते. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे, उभं राहणं किंवा आडवं होणं एवढंच शक्य. म्हणून ते गाडीत खाटेवर पडून बरोबर गेले. पंजाब जळत होता, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या शीखविरोधी हिंसाचाराला जेमतेम वर्ष झालं होतं. या यात्रेत किलोमीटरमागे रुपयांचा हिशेब नव्हता. गावागावांत थांबायचं, बोलायचं, पुढे जायचं. बाबांच्या कण्याचं दुखणं लोकांना दिसत होतं, पण त्यांनी ते विकायला काढलं नव्हतं. वेदना कारणापुढे ठेवायची की कारणामागे, हा त्यांच्यापुरता सुटलेला प्रश्न होता.

निधीच्या फेरीत तो सुटत नाही, कारण तिथे दर किलोमीटरला दर ठरलेला असतो. बारामती ते पंढरपूर, किलोमीटरमागे अमुक रुपये, असं कोणी कबूल केलं. सायकलवाला सराटीच्या पुलाशी गुडघ्यामुळे थांबला. आता उरलेल्या किलोमीटरांचे पैसे? हिशेबाने नाहीत. म्हणजे एका माणसाच्या गुडघ्यामुळे दुसऱ्याच्या पोराची औषधं कमी. हे ऐकताक्षणी कोणालाही चुकीचं वाटतं, आणि तरीही पावत्या अशाच फाडल्या जातात.

कॅनडात टेरी फॉक्सचं असंच झालं. कर्करोगाने पाय गमावलेला हा तरुण कृत्रिम पायावर देश ओलांडायला १२ एप्रिल १९८० ला धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, आणि १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ फुप्फुसात पसरलेल्या रोगाने त्याला थांबवलं. निम्म्याहून जास्त देश मागे पडला होता, पण दुसरा किनारा आला नाही. देशातल्या माणशी एक डॉलर जमवायचं त्याचं स्वप्न मात्र पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पुरं झालं. दोन कोटी चाळीस लाखांवर डॉलर जमले. न धावलेल्या किलोमीटरांचे पैसे लोकांनी कापून घेतले नाहीत.

एकनाथांची गोष्ट महाराष्ट्रात पोराटोरांना पाठ आहे : काशीहून रामेश्वराला नेत असलेलं गंगेचं पाणी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. गोष्ट भूतदयेसाठी सांगितली जाते. कावड वाहणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर तिच्यात आणखी काही दिसतं. नाथांच्या खांद्यावर पाणी होतं. इतकं अंतर न सांडता, न नासवता, वाटेत स्वतःची तहान त्यावर न भागवता त्यांनी ते जपलं होतं. रिकामी कावड घेऊन कोणी त्या गाढवापाशी पोचला असता तर त्याला फार तर हळहळता आलं असतं.

सायकलवर जादा ट्यूब दोन घ्याव्यात, असं अनुभवी माणसं सांगतात. या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे विखुरलेले असतात, म्हणून एक ट्यूब आपल्यासाठी. दुसरी बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच चाकात जाते. ती बदलून देतानाही एक शहाणपण लागतं : नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट हळू फिरवायचं. काटा टायरमध्येच रुतून राहिला असेल तर दोन किलोमीटरवर तो माणूस पुन्हा बसलेला दिसतो, आणि आता तुमच्याकडेही ट्यूब नसते. शिवाय दुसऱ्याचं चाक दुरुस्त करण्यात अर्धा-पाऊण तास जातो, आपली ठरलेली वेळ हुकते, गट पुढे निघून जातो. किलोमीटरवर पैसे घेतलेले असतील तर असं थांबणं म्हणजे ज्याच्यासाठी निघालो त्याचं नुकसान.

म्हणून रक्कम निघण्याआधीच पूर्ण घ्यावी, किलोमीटरशी तिची गाठ बांधू नये, असा एक विचार आहे, आणि धर्माच्या बाजूने तोच बरा दिसतो. माणूस मग सराटीला थांबला काय, इंदापुरात दुसऱ्याची सायकल दुरुस्त करत बसला काय, दवाखान्याचे पैसे बुडत नाहीत. गटाच्या बैठकीत हा विचार मांडला की खजिनदार लगेच हात वर करतो. त्याचं म्हणणं असं की घाम गळताना दिसल्याशिवाय लोक खिशात हात घालत नाहीत, किलोमीटरचा दर काढला तर निम्मे पैसे येणार नाहीत. त्याने ऑलिव्होला-शफीर वाचलेले नसतात, पण त्याचा अंदाज त्यांच्याशी जुळतो. वाद बराच वेळ चालतो, चहा होतो, आणि बहुतेक वेळा खजिनदारच जिंकतो, कारण शस्त्रक्रियेच्या खर्चाचा कागद त्याच्या खिशात असतो.